विश्लेषण : लंडन पायी, उरलेले ब्रिटन गाडीने! एकाच सहलीत दोन्ही कसे जमवायचे?

व्हिसा हातात आला, मुलांची सुट्टी सुरू झाली आणि दहा-बारा दिवस मोकळे आहेत. अशा वेळी ब्रिटनला निघालेल्या कुटुंबाच्या यादीत दोन गोष्टी असतात. एक म्हणजे लंडनमधला चार-पाच दिवसांचा मुक्काम. दुसरी म्हणजे स्वतः गाडी चालवत इंग्लंडची खेडी, तळी आणि स्कॉटलंडचे डोंगर पाहणे.

भारतीयांना हे सोपेही वाटते. ब्रिटनमध्ये वाहने आपल्यासारखीच डावीकडून धावतात, स्टिअरिंग उजवीकडे असते आणि भारतीय परवाना चालतो. त्यामुळे हिथ्रो विमानतळावर उतरताच गाडी घ्यायची आणि शेवटच्या दिवशी तिथेच परत करायची, असा बेत अनेक जण आखतात. पैसे, वेळ आणि डोक्याला ताप या तिन्ही बाबतींत हाच बेत सर्वांत महाग पडतो. शिवाय काही दंड घरी परतल्यावर कळतात. सहलीचे दोन भाग वेगळे कसे ठेवायचे आणि गाडी कधी, कुठून घ्यायची, याविषयी...

लंडनमध्ये गाडी का नको?

मध्य लंडनमध्ये गाडी चालवण्यासाठी ‘कंजेशन चार्ज’ भरावा लागतो. ही योजना फेब्रुवारी २००३ मध्ये सुरू झाली, तेव्हा शुल्क ५ पौंड होते. २ जानेवारी २०२६ पासून ते दिवसाला १८ पौंड झाले आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते संध्याकाळी ६ आणि शनिवार-रविवारी दुपारी १२ ते संध्याकाळी ६ या वेळेत ते लागू असते. एक पौंड १२० रुपये धरला, तर एका दिवसाचे २,१६० रुपये होतात. विजेच्या गाड्यांनाही आता पूर्ण माफी नाही.

यासाठी टोलनाका किंवा फाटक नसते. कॅमेरा नंबर प्लेट वाचतो आणि पैसे आपण ऑनलाइन भरायचे असतात. प्रवासानंतरच्या तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ते भरले नाहीत, तर १८० पौंड दंड होतो. १४ दिवसांत भरल्यास तो ९० पौंडांवर येतो.

याशिवाय प्रदूषण करणाऱ्या वाहनांसाठी ‘युलेझ’ हे वेगळे शुल्क आहे. ते दिवसाला १२.५० पौंड असून ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सर्व बरोंना लागू आहे. भाड्याच्या गाड्या बहुधा नव्या असल्याने त्या यातून सुटतात. एखाद्या नातेवाइकाची जुनी डिझेल गाडी वापरायची असेल, तर मात्र तिचा नंबर आधी सरकारी संकेतस्थळावर तपासावा.

खरी अडचण पार्किंगची आहे. मध्य लंडनमधील बहुतेक हॉटेलांकडे स्वतःचे पार्किंग नसते आणि खासगी पार्किंगचे दर पाहून हॉटेल स्वस्त वाटू लागते. म्हणजे जी गाडी पाच दिवस जागेवरून हलणार नाही, तिचे भाडेही भरायचे आणि तिला उभे करण्याचे पैसेही द्यायचे.

आणखी एक कारण थेट सुरक्षेशी संबंधित आहे. मुंबईहून लंडनला जाणारी थेट विमाने बराच वेळ घेतात आणि उन्हाळ्यात भारताचे घड्याळ ब्रिटनच्या साडेचार तास पुढे असते. लंडनमध्ये संध्याकाळी साडेसहाला उतरलेल्या माणसाच्या शरीरासाठी रात्रीचे ११ वाजलेले असतात. अनोळखी गाडी, अनोळखी चौक आणि झोपेची वेळ, असे तिन्ही एकत्र येऊ न देणे चांगले.

मग लंडन कसे फिरायचे?

भुयारी रेल्वे, बस आणि पायी. वेगळा पास काढण्याची गरज नाही. संपर्करहित बँक कार्ड किंवा फोन यंत्राला टेकवला की भाडे कापले जाते. दिवसभरात ठरावीक कमाल रकमेपेक्षा जास्त पैसे कापले जात नाहीत. बसमध्ये पहिले तिकीट लागल्यापासून एका तासात कितीही बस बदलल्या, तरी भाडे एकदाच लागते.

यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, प्रत्येक प्रौढाला स्वतंत्र कार्ड लागते. एकाच कार्डावर नवरा-बायको दोघांना जाता येत नाही. दुसरी, सकाळी कार्ड आणि संध्याकाळी फोन असे केल्यास यंत्रणा त्यांना दोन प्रवासी समजते आणि कमाल मर्यादेचा फायदा मिळत नाही. तिसरी, भारतीय कार्डांवर परदेशी आणि संपर्करहित व्यवहार बंद असू शकतात. ते बँकेच्या ॲपमधून निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावेत. भुयारी रेल्वेत पाच ते दहा वर्षांची चार मुले एका भाडे भरणाऱ्या प्रौढाबरोबर मोफत जाऊ शकतात. बसमध्येही ११ वर्षांखालील मुलांना भाडे नाही.

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम आणि नॅचरल हिस्ट्री म्युझियमचे कायमस्वरूपी संग्रह मोफत पाहता येतात. मराठी पर्यटकांच्या यादीत असलेले ‘१०, किंग हेन्रीज रोड’ हे घर चॉक फार्म स्थानकापासून पायी गाठता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहिले होते आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले. यांतील एकाही ठिकाणी गाडीने गेल्यास वेळ वाचत नाही.

गाडी कुठून घ्यायची?

लंडन संपवून रेल्वेने एखाद्या मध्यम आकाराच्या शहरात जायचे आणि गाडी तिथे घ्यायची, हा सर्वांत सुटसुटीत मार्ग. किंग्ज क्रॉसहून यॉर्क सुमारे दोन तासांवर आहे. पॅडिंग्टनहून बाथ दीड तासाच्या आत येते. किंग्ज क्रॉस ते एडिनबरा हे सुमारे ४०० मैलांचे अंतर रेल्वे साडेचार तासांच्या आसपास कापते. हेच अंतर गाडीने जायचे म्हटले, तर जेवणखाण धरून अख्खा दिवस जातो आणि दिसतो तो बहुतांश मोटरवे.

रेल्वेचे भाडे मात्र आयत्या वेळी काढल्यास डोळे पांढरे करते. ‘ॲडव्हान्स’ प्रकारची स्वस्त तिकिटे साधारण १२ आठवडे आधी खुली होतात. ती ठरावीक गाडीसाठीच असतात आणि ती गाडी चुकली तर तिकीट वाया जाते. पाच ते पंधरा वयाचे मूल बरोबर असेल, तर ३५ पौंडांचे ‘फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड’ पर्यटकांनाही घेता येते. त्यावर प्रौढांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सवलत मिळते. लांबच्या एकाच प्रवासात चौघांच्या तिकिटांवर कार्डाचे पैसे वसूल होऊ शकतात.

शहरातील शाखेतून गाडी घेताना वेळ तपासावी. अनेक छोट्या शाखा शनिवारी दुपारी बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. त्यामुळे गाडी घेण्याचा आणि परत करण्याचा दिवस सोमवार ते शुक्रवारमध्ये बसवलेला बरा.

बारा रात्रींचा आराखडा कसा दिसतो?

समजा, दोन मोठे आणि दोन मुले असे कुटुंब बारा रात्रींसाठी निघाले आहे. पहिल्या पाच रात्री लंडनमध्ये, गाडीशिवाय. सहाव्या दिवशी सकाळी रेल्वेने यॉर्क. तिथली जुनी तटबंदी आणि यॉर्क मिन्स्टर हे भव्य चर्च पायीच पाहता येते. स्थानकाजवळच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात प्रवेश मोफत आहे. १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा वेग गाठून वाफेच्या इंजिनांत विक्रम करणारे ‘मॅलार्ड’ इंजिन तिथलेच.

सातव्या दिवशी सकाळी यॉर्कमध्ये गाडी घ्यायची आणि यॉर्कशर डेल्सच्या दऱ्यांतून, २४ कमानींचा रिबलहेड पूल पाहत, लेक डिस्ट्रिक्ट गाठायचे. अंतर सुमारे १०० मैल, पण न थांबता तीन तास. विंडरमिअर किंवा केझिक परिसरात तीन रात्री एकाच घरात राहायचे. दहाव्या दिवशी रोमनांनी इसवी सन १२२ मध्ये बांधायला घेतलेली हेड्रियनची भिंत पाहून सीमेजवळच्या एखाद्या गावात मुक्काम करायचा. अकराव्या दिवशी एडिनबरा विमानतळावर गाडी परत करायची आणि ट्रामने अर्ध्या तासात शहरात यायचे. शेवटच्या दोन रात्री पुन्हा गाडीशिवाय.

आता हिशेब पाहू. हिथ्रोला गाडी घेऊन ती अकराव्या दिवशी सोडली, तर दहा दिवसांचे भाडे होते. वरच्या आराखड्यात चारच दिवसांचे. उदाहरणादाखल दिवसाचे भाडे ५० पौंड धरले, तर ५०० विरुद्ध २०० पौंड. वाचलेल्या ३०० पौंडांतून यॉर्कची तिकिटे काढावी लागतील. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडल्याचे शुल्कही लागू शकते. पण लंडनचे पार्किंग, कंजेशन चार्ज आणि लंडन ते यॉर्कचे पेट्रोल या तिन्ही गोष्टी पूर्ण वगळल्या जातात.

विमानाचे तिकीट काढतानाच ‘मल्टी-सिटी’ पर्याय पाहावा. जाताना लंडन आणि येताना एडिनबरा असे तिकीट मिळाले, तर परतीचे ४०० मैल वाचतात. भाडे फारच जास्त दिसले, तर एडिनबराहून रेल्वेने लंडनला परतणे हा दुसरा मार्ग.

दिवस कमी असतील तर?

एकूण आठ रात्री असतील, तर स्कॉटलंडचा मोह टाळावा. लंडनमध्ये पाच रात्री काढून रेल्वेने बाथला जावे. रोमन स्नानगृहांचे हे शहर पायी पाहण्याजोगे आहे. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दोन दिवस कॉट्सवोल्ड्समधील दगडी घरांची खेडी पाहावीत. स्टोनहेंज बाथपासून साधारण ३५ मैलांवर आहे. शेवटच्या दिवशी एम ४ मोटरवेने थेट हिथ्रो गाठून गाडी तिथे सोडता येते. ते अंतर सुमारे १०० मैल. दोन तासांचा रस्ता असला, तरी गाडी परत करणे आणि वाहतूक कोंडी धरून विमानाच्या वेळेआधी सहा-सात तास निघावे.

एकूण सहा रात्रींची सहल असेल, तर गाडीचा विचार सोडावा. एक दिवस गाडी घेण्यात आणि एक दिवस परत करण्यात जातो, हाती काही उरत नाही.

भारतीय परवाना खरोखर चालतो का?

चालतो. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये भेटीसाठी आलेल्या व्यक्तीला स्वतःच्या देशाच्या वैध परवान्यावर १२ महिन्यांपर्यंत खासगी गाडी चालवता येते. लर्निंग लायसन्स मात्र चालत नाही. व्हिसा एकच लागतो. स्कॉटलंड किंवा वेल्समध्ये शिरताना कुठेही तपासणी नाका नाही.

कायदा आणि भाड्याने गाडी देणारी कंपनी या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही कंपन्या आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही मागतात. तो आपल्या आरटीओकडून मिळतो. परिवहन खात्याच्या ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज करता येतो, शुल्क १,००० रुपये आहे आणि मुदत एक वर्षाची. तो मूळ परवान्यासोबतच ग्राह्य धरला जातो. फोनमधील डिजीलॉकरवर विसंबून राहू नये. काउंटरवर प्लास्टिकचे मूळ कार्ड लागते.

बहुतेक कंपन्या किमान एक वर्ष जुना परवाना मागतात. पंचविशीच्या आतल्या चालकाला जादा शुल्क पडते. काही ठिकाणी वयाची वरची मर्यादाही असते. वडील गाडी चालवणार असतील, तर ही अट बुकिंगच्या आधी वाचावी.

गाडी बुक करताना काय पाहावे?

सर्वांत आधी कार्ड. अनामत रक्कम मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच रोखून धरली जाते. परवाना पतीच्या नावावर आणि क्रेडिट कार्ड पत्नीच्या, असे असेल तर काउंटरवर गाडी नाकारली जाऊ शकते. कार्डावर पुरेशी मर्यादा शिल्लक हवी.

दुसरा मुद्दा विम्यातील ‘एक्सेस’चा. गाडीचे नुकसान झाल्यास पहिली ठरावीक रक्कम ग्राहकाने भरायची असते. ती हजार पौंडांहून जास्तही असू शकते. ती शून्यावर आणण्यासाठी काउंटरवर जादा विमा विकला जातो. हेच संरक्षण स्वतंत्र विमा कंपन्यांकडून आधीच घेतल्यास बहुधा स्वस्त पडते, पण त्यात आधी स्वतः पैसे भरून नंतर परत मागावे लागतात. टायर, काच आणि गाडीचा तळ यांचा समावेश आहे का, हे विचारावे. डोंगरी रस्त्यांवर नुकसान तिथेच होते.

तिसरा मुद्दा गिअरचा. ब्रिटनमध्ये स्वस्त गटातील गाड्या अजूनही बऱ्याचदा मॅन्युअल असतात. ऑटोमॅटिक हवी असेल, तर ती लवकर बुक करावी. भारतात मॅन्युअल चालवणाऱ्यांना गिअर बदलण्याचा त्रास होणार नाही, कारण गिअर त्याच हाताला असतो. युरोपच्या इतर बहुतेक देशांत हा फायदा मिळत नाही.

चौथा मुद्दा डिकीचा. फोक्सवॅगन गोल्फसारख्या हॅचबॅकची डिकी सुमारे ३८० लिटरची असते. मोठ्या प्रवासी बॅगा दोन आणि वर एखादी छोटी, एवढेच त्यात बसते. चौघांच्या चार मोठ्या बॅगा असतील, तर दोन मुलांच्या मांडीवर येतात. बॅगा कमी करा किंवा एस्टेट प्रकारची गाडी घ्या. गाडीच्या चार दिवसांपुरते सामान वेगळे बांधणे सोयीचे.

पाचवा मुद्दा मुलांचा आणि तो टाळता येत नाही. मूल १२ वर्षांचे होईपर्यंत किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर, त्याला योग्य चाइल्ड सीट कायद्याने बंधनकारक आहे. आठ वर्षांच्या मुलालाही बूस्टर सीट लागते. मांडीवर बसवणे चालत नाही. मागच्या सीटवरील प्रौढांनाही पट्टा लावावाच लागतो, नाही तर ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

रस्ता ओळखीचा, मग नियम कुठे वेगळे?

पहिला फरक मैलांचा. पाट्या, वेगमर्यादा आणि गाडीचा स्पीडोमीटर सगळे मैलांत असते. एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर. वस्तीतील मर्यादा साधारण ताशी ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून ती बहुतेक वस्त्यांत २० मैल झाली आहे. गावाबाहेरच्या दुपदरी रस्त्यावर ६० आणि मोटरवेवर ७० मैल. काही टप्प्यांवर दोन कॅमेऱ्यांमधील सरासरी वेग मोजला जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील नव्या कॅमेरा यंत्रणेमुळे ही कल्पना आता आपल्याकडेही परिचित आहे. कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून तिथे उपयोग होत नाही. वेगमर्यादा मोडल्याचा दंड किमान १०० पौंड आहे.

दुसरा फरक गोलचौकांचा. ब्रिटनमध्ये सिग्नलपेक्षा ‘राउंडअबाउट’ जास्त भेटतात. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, हा नियम कागदावर आपल्याकडेही आहे. तिथे तो सगळे पाळतात, म्हणून नाक घुसवणारी गाडी अपघाताला कारण ठरते. स्विंडन शहरात तर पाच छोटे गोलचौक मिळून एक मोठा चौक बनला आहे. १९७२ पासून तो सुरू आहे. नेव्हिगेशनची बाई ‘तिसरा एक्झिट’ म्हणाली आणि तो चुकला, तर घाबरून लेन बदलू नये. चौकाला पुन्हा एक फेरी मारावी.

तिसरा फरक इशाऱ्यांचा. आपल्याकडे समोरच्याने दिवे चमकवले, तर त्याचा अर्थ ‘मी येतोय, थांब’ असा असतो. ब्रिटनमध्ये अधिकृत अर्थ ‘मी इथे आहे’ एवढाच असला, तरी व्यवहारात बहुतेकदा ‘तुम्ही आधी जा’ असे सांगण्यासाठी दिवे चमकवले जातात. अरुंद रस्त्यावर दोन भारतीय सवयी आमनेसामने आल्या, तर गोंधळ होतो. हॉर्नही जपून. वस्तीच्या रस्त्यांवर रात्री साडेअकरा ते सकाळी सात या वेळेत तो वाजवणे बेकायदा आहे.

चौथा, फोन. गाडी सिग्नलला उभी असली, तरी हातात फोन धरल्यास २०० पौंड दंड आणि परवान्यावर ६ पॉइंट होतात. नेव्हिगेशनसाठी स्टँड घरूनच न्यावा.

पाचवा, मद्य. इंग्लंड आणि वेल्समध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम, तर स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. भारतात ती ३० मिलिग्रॅम आहे. मर्यादा जास्त आहे म्हणून पबमध्ये ‘एक चालेल’ हा हिशेब करू नये. चालकाने लिंबूपाणी घ्यावे.

पेट्रोलपंपावर कर्मचारी येत नाही. स्वतः भरायचे आणि मग आत जाऊन किंवा यंत्रावर पैसे द्यायचे. हिरवा नोझल पेट्रोलचा, काळा डिझेलचा. भाड्याच्या गाडीत चुकीचे इंधन भरल्यास खर्च ग्राहकाच्या माथी येतो. झाकणाच्या आतले लेबल दरवेळी वाचावे. मोटरवेवरील पंप महाग असतात, सुपरमार्केटचे स्वस्त.

अरुंद रस्त्यांवर काय करायचे?

स्कॉटिश हायलँड्समध्ये अनेक रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे आहेत. ठरावीक अंतरावर ‘पासिंग प्लेस’ म्हणजे बाजूला होण्याची जागा असते. ती डावीकडे असेल, तर आत शिरून थांबायचे. उजवीकडे असेल, तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचे, समोरची गाडी आत जाते. मागे स्थानिक गाडी घाईत असेल, तर तिलाही तिथेच पुढे सोडायचे. या जागा पार्किंगसाठी किंवा फोटोसाठी नाहीत.

इन्व्हर्नेसपासून सुरू होऊन तिथेच संपणारा ५१६ मैलांचा ‘नॉर्थ कोस्ट ५००’ समाजमाध्यमांवर लोकप्रिय आहे. पण त्याच्या वाटेवरील बेलाख ना बा ही ६२६ मीटर उंचीची खिंड नवख्यांसाठी नाही. लेक डिस्ट्रिक्टमधील हार्डनॉट खिंडीत चढ काही ठिकाणी ३३ टक्के, म्हणजे तीन मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर असा आहे. नेव्हिगेशन ‘सर्वांत जवळचा रस्ता’ म्हणून तिथे नेऊ शकते. मुक्कामाचा मार्ग आदल्या रात्री नकाशावर पाहून ठेवावा.

घरी परतल्यावर दंड कसा येतो?

नोटीस गाडीच्या मालकाला, म्हणजे कंपनीला जाते. कंपनी चालकाचे नाव कळवते आणि या कामाचे शुल्क क्रेडिट कार्डावरून कापून घेते. ते शुल्क दंडाव्यतिरिक्त असते. नोटीस पुण्या-नाशिकला पोहोचेपर्यंत कमी दरात दंड भरण्याची मुदत उलटलेली असू शकते.

बहुतेक दंड नकळत झालेल्या चुकांचे असतात. बस लेनमध्ये शिरणे, पिवळ्या जाळीच्या चौकोनात अडकून थांबणे, दुहेरी पिवळ्या रेषेवर गाडी उभी करणे. दुहेरी पिवळी रेषा म्हणजे कधीही पार्किंग नाही. एकेरी असेल, तर वेळ बाजूच्या पाटीवर लिहिलेली असते. लंडनच्या पूर्वेला टेम्स ओलांडणाऱ्या डार्टफर्ड क्रॉसिंगवर नाकाच नाही. पैसे दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरावे लागतात. एप्रिल २०२५ पासून ब्लॅकवॉल आणि सिल्व्हरटाउन बोगद्यांनाही शुल्क लागू झाले आहे.

यॉर्क, बाथ, ऑक्सफर्ड, केंब्रिज अशा जुन्या शहरांत गाडी आत नेण्याऐवजी बाहेरच्या ‘पार्क अँड राइड’ तळावर ठेवून बसने जावे. पार्किंगची पावती आणि गाडी परत करतानाचे चारही बाजूंचे फोटो काही महिने जपून ठेवावेत.

कोणत्या महिन्यात जावे?

गाडीच्या सहलीत दिवसाची लांबी महत्त्वाची. जूनमध्ये लंडनला सोळा तासांहून जास्त, तर इन्व्हर्नेसला सुमारे अठरा तास उजेड असतो. डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांहूनही लहान होतो आणि इन्व्हर्नेसचा सात तासांहून कमी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना नोव्हेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास अंधार आणि ओले रस्ते गृहीत धरावे लागतात. अशा वेळी लंडनचे दिवस वाढवून गाडीचे कमी करावेत.

मेमध्ये जाणाऱ्यांनी पहिला आणि शेवटचा सोमवार पाहून ठेवावा. दोन्ही दिवशी ब्रिटनमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. मेच्या अखेरच्या आठवड्यात बहुतेक शाळांनाही सुट्टी असल्याने लेक डिस्ट्रिक्टमध्ये खोल्या आणि पार्किंग दोन्ही भरलेले असते.

गावांमध्ये पबचे स्वयंपाकघर रात्री साडेआठ-नऊला बंद होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये मोठी दुकाने रविवारी सहाच तास उघडी असतात. आपल्या जेवणाच्या वेळा पाहता, स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेऊन शनिवारीच सामान भरणे शहाणपणाचे.

गाडी कोणी घेऊच नये?

फक्त लंडन, बाथ, यॉर्क आणि एडिनबरा पाहायचे असेल, तर रेल्वे पुरेशी आहे. एकट्याने किंवा जोडीने जाणाऱ्यांना ती बहुधा स्वस्तही पडते. गाडीचा फायदा तीन-चार जण असतील आणि डेल्स, लेक डिस्ट्रिक्ट, हायलँड्ससारखा भाग पाहायचा असेल, तर होतो. तिथे बस कमी आणि थांबावेसे वाटणारी ठिकाणे जास्त.

कुटुंबात गाडी चालवणारी एकच व्यक्ती असेल, तर दिवसाला १००-१२० मैलांच्या पुढे बेत आखू नये. डोंगरी रस्त्यांवर ताशी सरासरी ३० मैल धरले, तर एवढ्यालाच चार तास लागतात. नियमित महामार्गावर गाडी न चालवणाऱ्यांनी, फक्त सोसायटी ते ऑफिस एवढाच सराव असलेल्यांनी, ब्रिटनमधील मोटरवे हा सरावाचा पहिला रस्ता करू नये. शक्य असेल तर दुसऱ्या चालकाचे नाव करारात घालावे. त्याचे जादा शुल्क लागते, पण करारात नाव नसलेल्याने गाडी चालवली आणि अपघात झाला, तर विमा नाकारला जाऊ शकतो. तेव्हा होणाऱ्या खर्चापुढे हे शुल्क अगदीच किरकोळ आहे.